नजरेची वाट आखून घ्या: शिकवणारी स्लाइड आणि व्हिडिओ कसे बनवायचे

हृदयाची ती आकृती मी तीन दिवस खपून काढली होती. चार कप्पे, झडपा, रक्तवाहिन्या, सगळं जिथल्या तिथे. आकृतीवर गर्दी नको म्हणून नावं तिच्यावर लिहिली नाहीत. १ ते १३ आकडे टाकले आणि उजव्या बाजूला यादी दिली. १. ऊर्ध्व महाशिरा, २. अधो महाशिरा, ३. उजवे अलिंद, अशी. धडा वर्गात नेण्याआधी एका विद्यार्थिनीला शेजारी बसवलं आणि म्हटलं, "तू जिथे बघतेस तिथे बोट ठेव. नजर हलली की बोटही हलव."

तिचं बोट १ वर गेलं. तिथून यादीत. यादीतून परत आकृतीत, पण मघाचा १ पटकन सापडेना म्हणून थोडं भटकलं. मग २, पुन्हा यादी, पुन्हा आकृती. सातव्या आकड्यापाशी ती थांबली आणि म्हणाली, "ताई, रक्त कुठून निघालं होतं?"

रक्त कुठून निघतं आणि कुठे जातं, एवढंच तर मला शिकवायचं होतं. मुलगी मन लावून बघत होती. तिची सगळी शक्ती आकडा आणि नाव यांच्या जोड्या लावण्यात खर्च झाली, रक्तासाठी काही उरलंच नाही. दोष आकृतीचा होता, आणि आकृती मी काढली होती.

तेव्हापासून स्लाइड असो, छापील पान असो की व्हिडिओ, मी एकच प्रश्न धरून काम करते: या क्षणी बघणाऱ्याची नजर कुठे असेल? नजर एका वेळी एकाच जागी असते. ती कुठे जाईल, कोणत्या क्रमाने जाईल आणि तिथे किती वेळ थांबेल, हे ठरवणं म्हणजे शिकवणाऱ्या साहित्याची रचना करणं.

असं का होतं

कारण थोडक्यात सांगते. कारण समजलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

आत्ता, या क्षणी डोक्यात जे धरून ठेवायचं त्याला जागा फार थोडी असते. १९५६ साली मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी ही मर्यादा सात गोष्टी, त्यात दोन कमी किंवा दोन जास्त, अशी सांगितली. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी ती चारच्या आसपास आणून ठेवली. १९७४ मध्ये अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी या तात्पुरत्या जागेत ऐकलेल्या शब्दांचा कप्पा वेगळा आणि पाहिलेल्या गोष्टींचा वेगळा, अशी मांडणी केली. म्हणजे कान आणि डोळे काम वाटून घेऊ शकतात. पण दोन्ही कामं डोळ्यांवरच टाकली, तर ती एकमेकांच्या आड येतात. जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्ये शिकताना मनावर पडणाऱ्या बोजाचा सिद्धांत मांडला. पुढे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पॉल चँडलर यांच्यासोबत त्यांनी दाखवून दिलं, की आकृती एकीकडे आणि तिचं स्पष्टीकरण दुसरीकडे असेल, तर शिकणारा जोडाजोडीतच दमतो. माझ्या यादीने नेमकं तेच केलं होतं.

माणूस कसा शिकतो याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी वीज कशी पडते, पंप कसा चालतो, ब्रेक कसा लागतो अशा छोट्या विषयांवरचे धडे घेऊन वर्षानुवर्षं प्रयोग केले. पुढे जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं त्यांच्या कामाला धरून आहे. उरलेलं शिकणाऱ्यांच्या शेजारी बसून माझ्या हाती आलेलं आहे.

आधी कागद

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी एक वाक्य लिहा: ही फ्रेम पाहिल्यावर शिकणाऱ्याला काय करता आलं पाहिजे? "हृदयाची माहिती" हे असं वाक्य नव्हे. माझं वाक्य शेवटी असं झालं: "रक्ताचा एक थेंब महाशिरेपासून महाधमनीपर्यंत बोटाने नेऊन दाखवता यावा."

हे वाक्य समोर आलं आणि १३ नावांचा प्रश्न आपोआप सुटला. थेंबाची वाट दाखवायची तर झडपांची नावं लागत नाहीत, म्हणून ती चार नावं गेली. ऊर्ध्व आणि अधो महाशिरांना मिळून "महाशिरा" एवढं एकच नाव पुरलं. आणि पहिल्या आकृतीत नसलेली फुप्फुसं आत घ्यावी लागली, कारण त्यांच्याशिवाय थेंबाचा प्रवास मध्येच तुटतो. नऊ नावं उरली. झडपांसाठी वेगळी फ्रेम केली, तिचं वाक्यही वेगळं.

मग पोस्टकार्डाएवढा कागद घ्या आणि जाड स्केचपेनने फ्रेम काढा. बारीक पेन मुद्दाम घ्यायचं नाही, त्याने सगळंच मावतं. जाड पेनाने जे मावत नाही ते त्या फ्रेममध्ये नको, असं समजून मी सरळ पुढच्या कागदावर जाते. चार-पाच कागद झाले की ते टेबलावर ओळीने मांडून बघा. दोन कागदांच्या मध्ये उडी मोठी वाटली तर तिथे एक कागद कमी आहे.

तीच आकृती, पुन्हा

दुसऱ्यांदा ती आकृती कशी बांधली ते तपशिलात सांगते. विषय कोणताही असला तरी हीच कामं थोड्याफार फरकाने करावी लागतात.

पहिलं काम नावांचं. "उजवे अलिंद" हे नाव उजव्या अलिंदाच्या पोटातच लिहिलं. कप्पा मोठा असतो, नाव मावतं. रक्तवाहिन्या निमुळत्या, तिथे नाव बाहेर ठेवून बारीक राखाडी रेघ जोडली. रेघा एकमेकींना कापणार नाहीत आणि नावं सगळी आडवीच राहतील एवढी काळजी घ्या. तिरकं लिहिलेलं नाव वाचायला मान वाकडी करावी लागते.

दुसरी गोष्ट बाणांची, आणि ही चूक मला इतरांच्या साहित्यातही सारखी दिसते. माझ्या पहिल्या आकृतीत नाव दाखवणाऱ्या रेघेलाही बाणाचं टोक होतं आणि रक्ताची दिशा दाखवणाऱ्या रेघेलाही. बघणाऱ्याला प्रत्येक बाणापाशी ठरवावं लागत होतं की हा बाण काही दाखवतोय की काही वाहतंय. आता एक खूण म्हणजे एकच अर्थ: नावाच्या रेघेला टोक नाही, वाहणाऱ्या रक्ताला जाड बाण. पुढच्या सगळ्या धड्यांत हाच करार पाळायचा, तिसऱ्या धड्यात मोडायचा नाही.

तिसरं, डावं-उजवं. हृदयाच्या आकृतीत उजवं अलिंद कागदाच्या डाव्या बाजूला येतं, कारण आपण समोरच्या माणसाकडे तोंड करून बघत असतो. जाणकाराला याचं काही वाटत नाही. नव्याने शिकणाऱ्याला मात्र पहिल्याच नावावर शंका येते: "छापताना चुकलं का?" आणि ती शंका शेवटपर्यंत मनात राहते. म्हणून हृदयाच्या आधी एक फ्रेम टाकली: आपल्याकडे तोंड करून उभ्या माणसाची बाह्यरेषा, त्याने उजवा हात वर केलेला आणि छातीत हृदय. हात ज्या बाजूला वर, त्याच बाजूला "उजवे अलिंद". मग हळूहळू हृदय मोठं होतं. सहा सेकंदांत काम होतं.

चौथं, रंग. ऑक्सिजन कमी असलेलं रक्त निळं दाखवायची रीत आहे. ते खरोखर निळं नसतं, गडद लाल असतं. रीत मी मोडली नाही, कारण मुलांना पुढे दुसऱ्या पुस्तकांत तीच भेटणार आहे. पण "निळा रंग ही फक्त खूण आहे" हे निवेदनात पहिल्या निळ्या बाणापाशीच सांगते. एकदा निळ्या-लालला अर्थ दिला, की मग शीर्षकाला लाल, चौकटीला निळा असं करता येत नाही. माझ्या जुन्या फ्रेममध्ये शीर्षक लाल होतं. ते गडद राखाडी केलं. याच फ्रेममध्ये फुप्फुस धमनी निळी आणि फुप्फुस शिरा लाल असते, आणि "धमनी म्हणजे लाल" असं पाठ करून आलेली मुलं इथे हमखास अडतात. त्या जागी मी फ्रेम थांबवते. धमनी हृदयापासून दूर नेते, शिरा हृदयाकडे आणते, हे दोन छोट्या बाणांनी दाखवते आणि मगच पुढे जाते.

पाचवं, सोपं करताना खोटं करू नका. डाव्या निलयाची, म्हणजे डावीकडच्या खालच्या कप्प्याची, भिंत उजव्यापेक्षा जाड असते, कारण त्याला रक्त सगळ्या शरीरात ढकलायचं असतं. या फ्रेममध्ये भिंतींबद्दल मी एक शब्दही बोलत नाही, तरी ती जाडच काढते. पुढच्या धड्यात भिंतीचा विषय निघाला की डोळ्यांना ते आधीच ओळखीचं असतं. दोन्ही भिंती सारख्या काढल्या असत्या तर आधी शिकवलेलं पुसावं लागलं असतं.

सहावं, काढून टाकायच्या गोष्टी. पार्श्वभूमीला फिकट गुलाबी छटा होती, कोपऱ्यात स्टेथोस्कोप होता, खाली हृदयाच्या ठोक्यांची नागमोडी रेघ. सगळं गेलं. स्टेथोस्कोप काढताना हात जड झाला, कारण तो छान उतरला होता. पण १९९८ मध्ये शॅनन हार्प आणि मेयर यांनी विजेच्या धड्यात वीज पडण्याचे रंजक किस्से आणि चित्रं घालून पाहिली, तेव्हा विद्यार्थ्यांना मूळ विषय कमी आठवला आणि तो वापरून प्रश्न सोडवणंही कमी जमलं. रंजक पण विषयाबाहेरचं असं काहीही मन तिकडे ओढून नेतं. रंजकपणाला माझी हरकत नाही; तो विषयातच शोधायचा. रक्त एकाच फेरीत हृदयातून दोनदा जातं, हे काय कमी रंजक आहे?

शेवटी मोकळी जागा. जवळ असलेल्या गोष्टी एका गटातल्या वाटतात, हे मॅक्स वर्थायमर यांनी १९२३ मध्येच मांडून ठेवलंय. नाव आणि त्याचा कप्पा यांच्यातलं अंतर हे दोन कप्प्यांमधल्या अंतरापेक्षा नेहमी कमी हवं. हे एवढं जमलं की चौकटी, ठिपके, विभागणाऱ्या रेघा यांची गरजच राहत नाही.

जे बोलताय तेच लिहू नका

चित्र हलतंय, निवेदन चालू आहे आणि खाली निवेदनातलंच वाक्य अक्षरशः लिहिलेलं आहे, असे व्हिडिओ खूप दिसतात. हेतू चांगला असतो. पण लिहिलेलं दिसलं की माणूस वाचतो, तेवढ्यात चित्र पुढे सरकतं. डोळे खाली, घडतंय वर.

चित्र सगळं सांगत असेल तर स्पष्टीकरण आवाजाकडे द्या आणि पडद्यावर एक-दोन शब्दच ठेवा. थेंब उजव्या निलयातून निघताना पडद्यावर "फुप्फुस धमनी" एवढंच, आणि तेही त्या वाहिनीला टेकून. मात्र याला अपवाद आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. नवी, अवघड संज्ञा लिहून दाखवावीच लागते, कारण कानाने ऐकून तिचं स्पेलिंग कळत नाही. सूत्र, व्याख्या, पुन्हा पुन्हा बघावी लागणारी आकडेमोड पडद्यावर थांबलीच पाहिजे. आवाज निघून जातो. आणि ज्यांना ऐकू येत नाही, किंवा निवेदनाची भाषा ज्यांची रोजची नाही, त्यांना उपशीर्षकं हवीच. ती व्हिडिओत कायमची कोरून टाकू नका, वेगळ्या फाइलमध्ये द्या. ज्याला हवी तो चालू करेल. फ्रेम आखतानाच तळाची पट्टी त्यांच्यासाठी रिकामी सोडा. नाहीतर नेमकी महाधमनीच उपशीर्षकाखाली झाकली जाते, असं माझ्या एका धड्यात झालं आणि तो अख्खा धडा पुन्हा काढावा लागला.

निवेदनाची भाषा समोर बसून बोलल्यासारखी ठेवा. "रक्ताचे वहन होते" यापेक्षा "आता आपला थेंब खाली उतरतोय, बघा". मेयर यांच्या प्रयोगांत संवादी भाषेतल्या धड्यांचा परिणाम पुस्तकी भाषेपेक्षा चांगला दिसला, आणि माझाही अनुभव तोच आहे.

देवनागरीची स्वतःची गरज

रचनेबद्दलचे बरेचसे सल्ले रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून दिलेले असतात. ते जसेच्या तसे उचलले की मराठी पान बिघडतं.

आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. दोन ओळींमधलं अंतर रोमन मजकुराइतकंच ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला जाऊन टेकतो. अक्षराच्या आकाराच्या दीडपट अंतरापासून मी सुरुवात करते आणि "दृष्टी", "पूर्ती", "कर्तृत्व" असे शब्द मुद्दाम वर-खाली ठेवून बघते. अक्षरांमधलं अंतर वाढवायची सोय प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असते. देवनागरीत तिला हात लावू नका; शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. तिरपं अक्षरही टाळा. बऱ्याच देवनागरी फॉन्टना खरं तिरपं रूप नसतं, सॉफ्टवेअर सरळ अक्षरच ढकलून वाकवतं आणि काने-मात्रे विचित्र दिसतात. इंग्रजीतल्या कॅपिटल-स्मॉल अक्षरांसारखा भेदही आपल्याकडे नाही. मग जोर द्यायला उरतात आकार, जाडी आणि जागा. ठळक अक्षर एका फ्रेममध्ये एकदाच वापरते. दोन ठिकाणी ठळक केलं की नजर कुठे आधी जायचं ते विचारत बसते.

फॉन्ट युनिकोडच हवा. नोटो सान्स देवनागरी, मुक्त यांसारखे चांगले फॉन्ट विनामूल्य मिळतात. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर फॉन्ट नसेल तर अगम्य चिन्हं होऊन उघडतो, शोधता येत नाही, आणि दृष्टिहीन वाचकाच्या स्क्रीन रीडरला त्यातून काहीच वाचता येत नाही. जोडाक्षरं तपासा: "क्ष", "ज्ञ", "श्र", "ट्ठ", "द्ध", "ह्म". काही व्हिडिओ सॉफ्टवेअर ती फोडून हलन्त (पाय मोडलेली) दाखवतात किंवा वेलांटी भलत्या अक्षरावर नेऊन बसवतात. तसं झालं तर मजकूर दुसरीकडे नीट लिहून चित्र म्हणून आत आणा.

१९२०×१०८० च्या फ्रेममध्ये ४४ पिक्सेलपेक्षा लहान देवनागरी अक्षर मी ठेवत नाही. फोनच्या पडद्यावर ते जेमतेम अडीच मिलिमीटर उरतं, आणि त्याहून लहान झालं की अनुस्वार नाहीसा होतो. अनुस्वार गेला की "घरात" आणि "घरांत" यातला फरक गेला.

रंग आणि आलेख, थोडक्यात

वेबवरच्या सुगम्यतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यानुसार साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांचा किमान ३:१ हवा. तो मोजून देणारी साधनं विनामूल्य आहेत. पांढऱ्यावर पिवळं किंवा फिकट राखाडी अक्षर या मोजणीत नापास होतं. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकणारं काहीही टाकू नका. काही जणांना त्याने अपस्माराचा झटका (फिट) येऊ शकतो.

लाल आणि हिरवा ओळखायला अवघड जाणारी माणसं तुमच्या वर्गात असणारच. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे, स्त्रियांत बरंच कमी. "हिरवं बरोबर, लाल चूक" एवढ्यावर भिस्त ठेवू नका. सोबत बरोबरची खूण आणि फुली द्या. फ्रेम कृष्णधवल करून बघणं ही सगळ्यात झटपट तपासणी. माझा लाल आणि निळा कृष्णधवलमध्ये एकच राखाडी झाला, तेव्हा निळ्या वाहिन्यांना आडव्या रेघांचा पोत दिला.

आलेखाचं एवढंच: विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये दाखवलं की एकाच मापपट्टीवरची जागा डोळ्यांना सर्वात अचूक वाचता येते, कोन आणि क्षेत्रफळ तितकं नाही. म्हणून तुलना करायची तर वर्तुळाचे तुकडे सोडा, स्तंभ घ्या, आणि स्तंभ शून्यापासूनच सुरू करा. रंगांची खूणयादी कोपऱ्यात ठेवू नका, नाव स्तंभाला किंवा रेषेलाच लावा. यादीतून आकृतीत आणि आकृतीतून यादीत फिरणारं ते बोट आठवा.

हलतं चित्र

हालचाल नजरेला सर्वात जोरात ओढते. त्यामुळे ती जपून खर्च करा. शब्द फिरत फिरत येणं, स्लाइड उलटणं, चिन्हं उड्या मारणं हे सगळं बंद. पडद्यावर एका वेळी एकच गोष्ट हलेल आणि ती तीच असेल जिच्याबद्दल आवाज बोलतोय. शब्द आणि हालचाल एकाच क्षणी हवेत; "आता झडप मिटते" आधी ऐकलं आणि झडप तीन सेकंदांनी मिटली, तर मधले तीन सेकंद बघणारा भलतीकडेच बघत असतो.

अ‍ॅनिमेशनची मोठी अडचण ही की ते थांबत नाही. मागचं समजायच्या आत पुढचं येतं. मेयर आणि चँडलर यांनी २००१ मध्ये विजेवरचं अडीच मिनिटांच्या आतलं अ‍ॅनिमेशन १६ तुकड्यांत कापलं आणि पुढे जायचं बटण शिकणाऱ्याच्या हाती दिलं. ज्यांना ते बटण मिळालं त्यांना नव्या प्रश्नांत ते ज्ञान जास्त चांगलं वापरता आलं. मी थेंबाचा प्रवास चार तुकड्यांत कापला: शरीराकडून हृदयात, हृदयातून फुप्फुसात, फुप्फुसांतून परत हृदयात, हृदयातून शरीरात. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी चित्र थांबतं आणि थेंबाने आतापर्यंत काटलेली वाट फिकट रंगात तशीच राहते. ही फिकट वाट फार उपयोगी पडते, कारण आधी काय झालं ते डोक्यात धरून ठेवायची गरज उरत नाही, ते पडद्यावरच असतं.

प्रवासाआधी नऊ नावांची ओळख करून देणारी, काहीही न हलणारी फ्रेम येते. नाव आणि हालचाल दोन्ही एकदम नवं असेल तर दोन्ही निसटतं.

लांबीबद्दल विचाराल तर, फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावरच्या चार अभ्यासक्रमांतली सुमारे ६९ लाख पाहणी-सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोक साधारण सहा मिनिटांपलीकडे फारसे टिकत नव्हते. हे बघण्याबद्दलचं निरीक्षण आहे, शिकण्याबद्दलचं नव्हे, म्हणून मी घड्याळ लावून कापत नाही. विषयाचा सांधा जिथे येतो तिथे कापते. सांधा बहुतेक वेळा सहाच्या आधीच येतो.

दाखवून बघा

तयार झालेलं साहित्य तीन प्रकारे तपासा. आवाज बंद करून बघा: काय चाललंय याचा साधारण अंदाज आला पाहिजे. पडद्याकडे पाठ करून नुसतं ऐका: "हे", "इथे", "असं" म्हणताना नेमकं काय ते कळत नसेल, तर निवेदनात नाव घ्यायचं राहिलंय. आणि ज्या लहानात लहान फोनवर ते पाहिलं जाणार आहे, त्या फोनवर हात लांब धरून बघा.

चौथी तपासणी बोटाची, आणि ती मी कधीच गाळत नाही. विषय माहीत नसलेला माणूस घ्या. सहकाऱ्याला विचारून उपयोग नाही. त्याला नावं आधीच येतात, म्हणून त्याची नजर आपोआप बरोबर जागी जाते. जाणकारांना तर आपली सविस्तर लेबलं अडचणीची वाटतात. स्लावा कॅल्युगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये लिहिलंय की नवख्याला मदत करणारी रचना जाणत्याला ओझं होऊ शकते. म्हणून धडा ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यातलाच कुणी बसवा. फ्रेमचा प्रिंट द्या, आवाज सुरू करा, बोट ठेवायला सांगा. तुम्ही बोलायचं नाही, दाखवायचं नाही. दुसऱ्या प्रिंटवर त्याच्या बोटाची वाट पेन्सिलीने काढत जा. बोट जिथे मागे फिरलं तिथे गोल करा, जिथे थांबलं तिथे ठिपका द्या. तीन माणसं पुरतात. तिघांचे गोल एकाच जागी आले की दुरुस्ती कुठे करायची ते वेगळं शोधावं लागत नाही. आणि त्याला "समजलं का?" असं विचारू नका, माणसं भिडेपोटी हो म्हणतात. लिहून ठेवलेलं ते पहिलं वाक्य काढा आणि तेच करायला सांगा.

नव्या आकृतीसमोर मी पहिल्याच मुलीला पुन्हा बसवलं नाही, तिला उत्तर माहीत होतं. दुसऱ्या एका मुलाला बसवलं. त्याचं बोट महाशिरेवरून उजव्या अलिंदात उतरलं, निलयात आलं, फुप्फुस धमनीपाशी जरा थबकलं, निळा रंग आणि "धमनी" हे नाव त्याने दोनदा वाचलं, छोटे बाण पाहिले आणि पुढे गेला. फुप्फुसांपाशी बोट थांबलं आणि मागे गेलं नाही. त्याने विचारलं, "ताई, निळ्याचं लाल इथे नक्की कशाने होतं?"

मी ठिपका दिला. पुढच्या फ्रेमचा कागद त्याच दिवशी काढला.